साबुदाण्याचा समुद्र

साबुदाण्याची खिचडी मी आता खात नाही. संकष्टी धरते, नाही असं नाही. पण रताळ्यावर भागवते. घरचे म्हणतात, नखरे. असतील! तीन दिवसांचा निळा साबुदाणा ज्यांनी कोपरापर्यंत हात घालून ढवळलेला नाही, त्यांनी मला बोलू नये.

तेव्हा मी वाघोलीत एका प्लेस्कूलमध्ये शिकवत होते. नव्या सोसायटीच्या तळमजल्यावर दोन फ्लॅट, आत भिंतीवर फुलपाखरं, बाहेर नगर रस्त्याची धूळ. बहुतेक आईवडील आयटीतले, गळ्यात ओळखपत्र अडकवून मुलांना सोडायला येणारे. शाळेच्या मालकीणबाईंना, म्हणजे आमच्या मॅडमना, कुठूनशी कल्पना सुचली की मुलांना सिनेमातून शिकवायचं. महिन्याला एक इंग्रजी कार्टून सिनेमा दाखवायचा आणि त्यावरून खेळ घ्यायचे.

त्या महिन्यात माशांचा सिनेमा होता, म्हणून समुद्र हवा. पाण्यानं मुलं भिजतात, पालक कुरकुर करतात. तर मॅडमनी किलो किलो साबुदाणा शिजवायला लावला, त्यात निळा रंग कालवला आणि अंघोळीचा टब भरून ठेवला. "टेक्स्चर, टीचर, टेक्स्चर!" खाण्याची वस्तू अशी चिवडायला द्यायची, माझ्या तर अंगावर काटा आला. पहिल्या दिवशी तो नुसता चिकट होता. दुसऱ्या दिवशी त्यात शेंबूड, बिस्किटं आणि कुणाचा तरी मोजा. तिसऱ्या दिवशी पालकांना खेळ बघायला बोलावलेलं, आणि टबातून असा आंबूस भपकारा येत होता की शी! मी म्हटलं, "मॅडम, फेकून देऊ या." त्या म्हणाल्या, "रूम फ्रेशनर मारा." मारला. मग नासक्या साबुदाण्याला मोगऱ्याचा वास येऊ लागला, आणि ते जास्तच ओकारी आणणारं होतं.

माझ्या वर्गात गावातल्या शेतकरी घरातली एक मुलगी होती. ती सोसायटी उभी होती तिथं पूर्वी त्यांचीच ज्वारी असायची. चार वर्षांची पोर, पण तोंडाची टकळी अखंड चालू. "टीचर, आमची म्हस व्यालीया!" "टीचर, तुमच्या साडीला भोक हाय!" तिच्यामुळे वर्गाला जाग होती. मॅडमना मात्र ते बोलणं खुपायचं. "बाकीचे पालक काय म्हणतील?" मला भीती एकच होती, की कुणीतरी या पोरीचं तोंड बंद करेल.

खेळ असा होता. मॅडम हातात कापडी मासा घालून टबामागे बसणार. मासा "हाय!" म्हणाला की मुलानंही "हाय!" म्हणायचं आणि साबुदाण्यातून प्लॅस्टिकचा मासा शोधून काढायचा. चारपाच मुलं गोड गोड हाय करून गेली. टाळ्या, फोटो. मग हिची पाळी आली.

"हाय!" मासा म्हणाला.

"काय हाय?" हिनं विचारलं.

"हाय!"

"अवो, पन काय हाय?"

मासाही हट्टाला पेटला. "हाय! हाय!"

आता हिनं बाह्या वर केल्या, दोन्ही हात टबात खुपसले, मूठभर लगदा काढून हुंगला आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "साबुदाना हाय. नासलाय."

खोलीत हशा उसळला. सगळ्यांच्या नाकांना जे मघापासून कळत होतं ते त्या पोरीनं सांगितलं, आणि ही शहाणी माणसं हसली कुणाला? तिलाच! मॅडम तर हातातल्या माशाचं तोंड तिच्यासमोर उघडमीट करत हसत होत्या. मग तिच्या आईला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अहो, घरी जरा शुद्ध बोलत चला." आईचा चेहरा पडला. "आमच्यात असंच बोलत्यात, मॅडम," असं पुटपुटून तिनं पोरीच्या पाठीत एक चापट दिली. "गप की गं."

टबापेक्षा मला त्या खोलीचीच शिसारी आली. मी म्हणाले, "मॅडम, शुद्ध-अशुद्ध मागाहून बघू. साबुदाणा नासलाय, हे ती बरोबर बोलतेय." कुणाचं लक्ष होतं? पुढच्या मुलाचा फोटो चालला होता. सगळे गेल्यावर प्लॅस्टिकचे मासे काढायला तो टब मीच कोपरापर्यंत हात घालून ढवळला आणि मागच्या गटारात ओतला.

पुढच्या सोमवारी पोरगी आली ती गप्प. मॅडम समोर आल्या की "हाय" म्हणायची, बस्स. "बघा, सुधारली की नाही!" मॅडम म्हणाल्या. डोंबलाची सुधारली! डबा खायच्या वेळी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आज डब्यात काय गं?"

"भाकरी."

एरवी भाकरी हाय, ठेचा हाय, तुमाला न्हाय द्यायची, असं सगळं ऐकवलं असतं. मीच वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "भाकरी हाय व्हय?"

तिनं खुंटीवर टांगलेल्या कापडी माशाकडे पाहिलं आणि पटकन आपला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"तसं न्हाय म्हनायचं, टीचर," ती कुजबुजली. "मासा हसतो."