मुकुंदरावांचा आवाज

मुकुंद वालूरकरांना देवानं आवाज दिला होता. नोकरी एका सरकारी कार्यालयात, आवक-जावकच्या टेबलावर. तिथं त्यांचा आवाज कुणी ऐकत नसे. पण शनिवार-रविवारी मैदानात माइक हातात आला की माणूस बदलायचा. फुटबॉल असो, कबड्डी असो, शहरातल्या कुठल्याही चषकाला निवेदक म्हणून वालूरकरच लागायचे. मी त्यांच्या शेजारी बसून कुणी गोल केला, कुणाला कार्ड मिळालं हे लिहून ठेवायचो. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर काढली. त्यामुळे ही हकिकत मी सांगू शकतो, आणि तिच्यात मीही आहे.

लोक सामना बघायला यायचे तसे त्यांना ऐकायला यायचे. प्रत्येक खेळाडूला ते एक नाव चिकटवायचे. सोयगावचा अंगद, धनगराच्या घरचा, उजव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळायचा. भारतीय संघाच्या सराव शिबिरापर्यंत जाऊन आलेला. त्याच्या पायात चेंडू आला की मुकुंदराव म्हणायचे, "मेंढरं सुटली रे, धर, धर!" विद्यापीठात शिकायला आलेला एक सुदानी गोलरक्षक होता. उन्हं कलली की त्याला म्हणायचे, "हसत राहा बाबा, नाहीतर दिसायचा नाहीस." मैदान खदखदून हसायचं. तो सुदानीही हसायचा. त्याला मराठी येत नव्हतं.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत महिला फुटबॉलची निमंत्रित स्पर्धा झाली. दुष्काळ होता. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, म्हणून मैदानावर पाणी मारायचं नाही असं ठरलं. गारखेड्यातलं ते मैदान तव्यासारखं तापलेलं आणि टणक होतं. पडेल त्या मुलीचा गुडघा सोलून निघायचा. बाहेरून आलेल्या एका संघात मणिपूरची सनातोंबी होती, भारताकडून खेळलेली. तिचा फोटो आम्ही फ्लेक्सवर सगळ्यात मोठा छापला होता. अंतिम सामना झाला, लोक पोटभर हसले, बक्षिसं वाटली गेली. आम्ही जेवून घरी गेलो आणि तो दिवस विसरलो.

अडीच वर्षांनी सनातोंबी पुन्हा शहरात आली. एका खासगी अकादमीनं मुलींना शिकवायला तिला बोलावलं होतं. मुकुंदरावांची मुलगी स्वरदा तेव्हा अकरा वर्षांची, तिथंच शिकायला जायची. मुलीनं घरी येऊन सांगितलं की ताईंना राहायला जागा मिळत नाही. एका घरमालकानं नेपाळी लोकांना खोली देत नाही असं सांगितलं. दुसऱ्यानं पासपोर्ट मागितला. तिसऱ्यानं घरात कसले कसले वास येतील म्हणून दार लावून घेतलं. हे सगळं त्याच गारखेड्यात, जिथं दर महिन्याला ज्वारीच्या एखाद्या रानात नवी इमारत उभी राहत होती आणि रिकाम्या फ्लॅटच्या पाट्या लटकत होत्या.

मुकुंदरावांना फार राग आला. त्यांच्या घराची वरची खोली मोकळी होती. ते म्हणाले, देशासाठी खेळलेली मुलगी रस्त्यावर राहील का? दुसऱ्या दिवशी ती खोली बघायला आली. मुकुंदराव जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून माइकवरच्या थाटात म्हणाले, "या, या! भारताची खेळाडू आज वालूरकरांच्या दारी!"

ती जिन्यात मध्येच थांबली. कठड्याला धरून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला मराठी कळलं नसेल असं वाटून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. ती हळूच म्हणाली, खोली दाखवा.

ती राहू लागली. मासे शिजवायचे नाहीत एवढी एकच अट उमावहिनींनी, म्हणजे मुकुंदरावांच्या पत्नींनी, घातली होती आणि ती तिनं मुकाट्यानं मान्य केली. पुढचा उन्हाळा दोन हजार तेरापेक्षा वाईट निघाला. नळाचं पाणी चौथ्या-पाचव्या दिवसावर गेलं, गल्लीत टँकर येऊ लागले. एका बादलीत ती सगळं भागवायची, दुसरी कधी मागितली नाही. स्वरदा तर दिवसभर तिच्याच मागे. आणि मुकुंदराव आल्यागेल्याला वरच्या खोलीकडे बोट दाखवून सांगायचे की आमच्याकडे भेदभाव नाही, बघा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मे महिन्यातल्या स्पर्धेची संघांची यादी करायची होती. मुकुंदराव पेपरची पुरवणी मोठ्यानं वाचून दाखवत होते. कुठल्याशा संस्थेनं भारतीय संघातून खेळलेल्या फुटबॉलपटूंना, मुलांना आणि मुलींना, विचारलं होतं की तुमचा चेहरा, रंग, गाव यांवरून तुम्हाला कधी हिणवलं गेलं का. जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं होतं. प्रेक्षकांतून, हॉटेलात, रेल्वेत, काहींना तर आपल्याच संघाच्या खोलीत. खाली एका मणिपुरी मुलीचं म्हणणं नावाशिवाय छापलं होतं. मराठवाड्यातल्या एका शहरात मी कॉर्नर घ्यायला उभी होते, तेव्हा लाउडस्पीकरवरून मला 'चायना माल' म्हणाले. मग तोच शब्द एका लहान मुलीच्या आवाजात आला. सगळं मैदान हसलं. मी पुढचे तीन महिने आरशात बघायचं टाळलं.

मुकुंदरावांनी पेपर खाली ठेवला. मराठवाड्यात येऊन खेळलेली मणिपुरी मुलगी म्हणजे ही आपलीच सनातोंबी, हे त्यांच्या लक्षात आलं. "आपल्या शहरात? कोण हा नालायक?" असं म्हणत ते पेपर घेऊन जिना चढू लागले. मी मागे निघालो. मला आठवलं होतं. मी त्यांना थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही.

ती दारात बसून बुटांची माती काढत होती. मुकुंदरावांनी तिला सांगितलं की नाव सांग, या शहरातला एकूण एक निवेदक मला माहीत आहे, त्याला तुझ्यासमोर उभा करतो.

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अंकल, वो आवाज आपका था."

ते हसले. गंमत वाटली असावी. ती हसली नाही. म्हणाली, "पहले दिन, सीढी पे ही पहचान लिया था."

"फिर रही क्यों?"

"तीन घर ना बोल चुके थे."

एवढं बोलून ती पुन्हा बुटांकडे वळली. आम्ही खाली आलो. मुकुंदरावांनी मला दंडाला धरून विचारलं, "तू तर शेजारी होतास. मी असं म्हणालो होतो?" मी म्हणालो, आठवत नाही. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला स्कूटरवर बसवून औरंगपुऱ्यात बद्रीनाथच्या स्टुडिओत घेऊन गेले. आमच्या सगळ्या स्पर्धांचं शूटिंग बद्रीनाथ करायचा. त्याच्याकडे वर्षावार सीड्या लावलेल्या होत्या. त्यानं तेरा सालची शोधून लावली.

पडद्यावर धुळीतलं मैदान आलं. सनातोंबी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे चालली होती, अगदी आमच्या मंचासमोर. तिच्या डाव्या गुडघ्यातून रक्त ओघळून मोज्यात उतरलं होतं. आणि मुकुंदरावांचा आवाज आला, खणखणीत, लाडात आलेला: "चायना माल आहे मंडळी! हाफटाइमपर्यंत टिकला तरी मिळवलं!" हशा. ती थांबली. मंचाकडे वळून तिनं पाहिलं. "अगं डोळे उघड, गोल तिकडं आहे!" पुन्हा हशा, त्याहून मोठा. मग माइकची खरखर आणि एक बारीक गोड आवाज, "चायना माल!"

ती आठ वर्षांची स्वरदा होती. त्या दिवशी ती बापाच्या मांडीवर बसली होती. माइक तिच्या तोंडाशी त्यांनीच धरला होता. कॅमेरा मंचाकडे वळला तेव्हा पडद्यावर मीही दिसलो. हातात पेन, आणि हसून हसून डोकं टेबलाला लागलेलं.

बद्रीनाथ उगाच म्हणाला, "सर, तेव्हा सगळेच असं बोलायचे." मुकुंदरावांनी त्याला इतर वर्षांच्या सीड्या लावायला सांगितल्या. आम्ही तिथं तीन तास बसलो. प्रत्येक वर्षी काही ना काही निघालंच. मेंढरं, अंधार, चिनी, नेपाळी, कोळसा. एक शब्द आणि लगेच हशा. शेवटी त्यांनी हात वर केला. बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. गाडी मी चालवली.

घरी त्यांनी उमावहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मी तिसऱ्या रांगेत होते. मीही हसले होते." स्वरदाला सांगणं सगळ्यात जड गेलं. तिला काहीच आठवत नव्हतं. ती विचारत होती, "मी काय म्हणाले होते, बाबा?" आणि हजारो लोकांपुढं न अडखळणाऱ्या त्या माणसाला तो शब्द आपल्या मुलीपुढं उच्चारता येईना. वहिनींनी सांगितला. पोर उठून वर गेली. तासाभरानं उतरली ती डोळे सुजलेले घेऊन. वर काय बोलणं झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी मुकुंदराव वर गेले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, मेच्या स्पर्धेत सगळ्यांसमोर, त्याच माइकवरून मी तुझी माफी मागतो. त्यांना वाटलं होतं की ती नको नको म्हणेल आणि मग ऐकेल. ती म्हणाली, "आप बोलोगे, आपका मन हलका होगा. लोग फिर मुझे देखेंगे. मेरा क्या होगा?"

त्यांनी विचारलं, असं किती गावांत झालं? ती म्हणाली, कुठं झालं नाही ते विचारा, ते पटकन सांगता येईल. आणि तिनं दोन गावं सांगितली. उतरताना, आता मासे शिजवले तरी चालेल, असं ते बोलून गेले. आपलं ते वाक्य आपल्यालाच किती हलकं वाटलं, हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांना अंगद आठवला. अंगदचा फुटबॉल गुडघ्याबरोबर संपला होता. तो देवळाईकडच्या नव्या वसाहतींत पाण्याचा टँकर चालवत होता. आम्ही गेलो तेव्हा तो एका अपार्टमेंटच्या हौदात पाइप सोडून उभा होता. मुकुंदरावांना बघून त्यानं आदरानं नमस्कार केला. मुकुंदरावांनी मेंढरांची गोष्ट काढली आणि माझं चुकलं म्हणाले. अंगदला आधी काही उमजेना.

"सर, तुम्ही म्हणत व्हता व्हय? मला नाय आठवत."

"दर सामन्याला म्हणायचो, अंगद."

"लई जण म्हणायचे. शिबिरात गेलो तर तिथंबी म्हणायचे, हिंदीत. कुणा-कुणाचा आवाज ध्यानात ठेवू?" मग त्यांना बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "जाऊ द्या सर, पाणी घ्या." आणि त्यानं टँकरच्या तोटीखाली तांब्या धरला.

मुकुंदरावांनी एक घोट घेऊन तांब्या परत दिला. परतताना ते म्हणाले, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेच्या स्पर्धेला त्यांनी नकार कळवला. कारण विचारलं तेव्हा घसा बिघडलाय म्हणाले. खरं कारण सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. लोक ज्येष्ठमध घेऊन घरी यायचे, डॉक्टरांची नावं सुचवायचे, आणि ते खाली बघून आभार मानायचे. मीही कुणाला सांगितलं नाही. त्यांना झाकताना मी मलाही झाकत होतो.

सनातोंबी वर्षभर राहिली. अकादमीचा करार संपला तेव्हा इंफाळला परत गेली. जाताना वहिनींच्या पाया पडली, स्वरदाला घट्ट धरून बसली. मुकुंदरावांना नमस्कार केला, तो आपण वडीलधाऱ्यांना करतो तसाच. माफ केलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

स्वरदा पुढं जिल्ह्याकडून खेळू लागली. आम्ही दोघं तिचे सामने बघायला जातो, मंचापासून लांब, झाडाखाली बसतो. गेल्या वर्षी समोरच्या संघात नागालँडची एक मुलगी होती. हिमांशू नावाचा तिशीतला निवेदक माइकवर होता. चेंडू त्या मुलीकडे गेला आणि त्यानं तिला 'मोमो' म्हटलं. मैदान हसलं. मुकुंदराव उठले. मैदानाला वळसा घालून मंचावर गेले आणि त्याला कानाशी लागून काहीतरी म्हणाले. हिमांशूनं माइक बंद न करताच त्यांच्या पायांना हात लावला. म्हणाला, "सर, तुम्हाला ऐकत ऐकतच शिकलो मी."

त्यावर ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग परत येऊन बसले. दहा मिनिटं हिमांशू नुसती नावं आणि नंबर सांगत राहिला. त्यानंतर त्यानं पुन्हा मोमो म्हटलं, आणि मुकुंदराव पुन्हा उठले.