गेरूची रेघ

शनिशिंगणापुरातला वारा घरात शिरताना कुणाला विचारत नाही. चौकट असते, कवाड नसते. त्यामुळे तो पायरी चढून सरळ आत येतो, पडदा फुगवतो, तव्यावरच्या भाकरीचा खरपूस गंध उचलतो आणि त्यात बाहेरच्या तेलाचा नि रुईच्या पानांचा उग्र दर्प मिसळून मागच्या अंगानं पसार होतो. अशाच एका घरात, भर दुपारी, पलंगाशेजारी बसून मी माझ्या आयुष्याचं काम निवडलं. केवढी धुंदी होती त्या दुपारी! आजही सांगायला बसले की माझी जीभ माझ्यापुढं पळते, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मी घोडेगावची. पप्पा गणिताचे निवृत्त शिक्षक; आमच्या घरात चर्चच्या घंटेखालोखाल मान शाळेच्या घंटेला. मीही गणित घेऊन बी.एड. झाले, नगरच्या एका शाळेत कायमची जागा चालून आली. आणि नेमकं तेव्हाच विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून मी स्वमग्न मुलांसोबत काम करायचं खूळ डोक्यात घेतलं. पप्पा भडकले. ‘शिकवायचंच आहे ना? मग फळ्यापुढं उभी राहून शिकव की! घरोघर हिंडून काय शिकवणार तू?’ शेवटी तह झाला. एक महिना माझा. तेवढ्यात काही जमलं नाही, तर मुकाट शाळेत रुजू व्हायचं.

त्या महिन्यात मला शिंगणापुरात तनू भेटली. सहा वर्षांची, बोलत नसे. समोरच्या कडुनिंबाची उन्हात लकाकणारी पानं ती अर्धा-अर्धा तास अशा तन्मयतेनं पाही की, मी आजवर झाडं कधी नीट पाहिलीच नाहीत की काय, असं मला वाटे. पण त्या झाडाकडं जायला रस्ता ओलांडावा लागे, आणि रस्त्यावर भाविकांच्या जीपगाड्या सुसाट. दोनदा ती थोडक्यात वाचली होती. म्हणून तिची आई, सविताताई, तिच्या कमरेला ओढणी बांधून दुसरं टोक पलंगाला अडकवत. ‘मला काय हौस हाय का, बाई? पन सयपाक करू का हिच्यामागं पळू?’ म्हणत त्या गाठ आवळत. ती गाठ मला पाहवत नसे. ती सुटली तर मी या कामाची, नाहीतर फळाच बरा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिल्याच आठवड्यात मी सुवाच्य अक्षरात आराखडा लिहून नेला. पहिली सूचना अशी: ‘दाराला वरच्या बाजूस कडी बसवावी, म्हणजे मुलीचा हात पोहोचणार नाही.’ सविताताईंनी ती वाचली, चौकटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ‘आवो बाई, घोडेगावच्या ना तुमी? कडी लावते की, पन दार कुठनं आनू?’ मी लाजेनं अर्धी झाले. पंधरा मिनिटांवरच्या गावची मी. इथल्या घरांना दारं नाहीत हे मला कळत्या वयापासून ठाऊक. पण वर्गातला धडा इतका पाठ की डोळ्यांपुढची रिकामी चौकट दिसली नाही! माणसाला न पाहताच त्याच्यावर उपाय लिहायची ही कसली घाई असते आपल्याला?

आराखडा फाडला. दार नाही तर नाही! थांबणं तनूच्या पावलांत यायला हवं होतं. आम्ही उंबऱ्याच्या आत गेरूची जाड रेघ ओढली आणि चौकटीवर खिळा ठोकून त्या कडुनिंबाचा फोटो टांगला. मी असेतोवर ओढणी सोडायची. तनू धावली की सविताताई तिला रेघेवर थांबवत, फोटो तिच्या हाती देत, तो हात माझ्या तळव्यावर आणत. आणि तत्क्षणी मी तिचं बोट धरून झाडाखाली नेई. मागितलं की मिळतं, पळावं लागत नाही, एवढंच तिला पटवायचं होतं. दिवसाला तीस-तीस वेळा! झाडाखालचा रसवंतीवाला ‘बाई, आज कितवी फेरी?’ म्हणून चिडवू लागला. आम्ही हात सोडला की तनू मात्र रेघ ओलांडून पसार. तीन आठवडे सरले. पप्पा जेवताना नगरच्या एसटीच्या वेळा सांगू लागले.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. जीपचा हॉर्न वाजला आणि तनू उठून धावली. खबरदारीला तिचे वडील बाहेर पायरीवर बसलेले. आम्ही दोघींनी जागचं हलायचं नाही, असं ठरलेलं. जीव नुसता टांगणीला! तनूची पावलं रेघेवर आली आणि थांबली. कुणी धरलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. टाचा उंचावून तिनं फोटो काढला, मागं वळली आणि माझ्या तळहातावर ठेवला. माझ्याकडं पाहिलंही नाही, नजर झाडाकडंच. बाई गं! तव्यावर भाकरी करपत होती आणि सविताताई रडत-हसत म्हणत होत्या, ‘मागितलं की वो, बाई! माझ्या तनीनं मागितलं!’

मागितलं की द्यायचं. मी तिचं बोट धरून रस्ता ओलांडला आणि झाडाखाली पोचताच दुसऱ्या हातानं पप्पांना फोन लावला. रेघ, खिळा, फोटो, पानं, सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून मास्तरांचा तो जुना, वह्या तपासतानाचा आवाज आला. ‘तिचा हात धरला होता का कुणी?’ मी म्हटलं, नाही पप्पा, तिनं एकटीनं केलं.

‘मग शाळेला मी कळवतो, तू येत नाहीस म्हणून. आणि तू फोन ठेव आधी. कामावर असताना घरी कुणी फोन करतं का?’