सात मजल्यांचा घाट

सुलेखा दातारला कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की ती भांडत बसत नसे. नुसतं ‘बरं’ म्हणायची. हे ‘बरं’ ज्यांनी आधी कधी ऐकलं होतं ते सावध होत. निशिकांतने ते ऐकलेलं नव्हतं, म्हणून २०१५च्या जानेवारीत तो बेसावध सापडला.

निशिकांत हा सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या मराठी सायकलवाल्यांचा म्होरक्या. एरवी आयटीतला मोठा मॅनेजर, पण रविवारी सकाळी तंग टी-शर्ट चढवून सायकलवर बसला की त्याच्या अंगात सेनापती संचारायचा. सात पुरुष आणि त्यांच्या मागे शेपटाला सुलेखा, अशी ही फौज समुद्राकाठाने चांगीपर्यंत जाऊन यायची. परत आल्यावर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात बसून, जेवढा घाम गाळला त्याच्या दुप्पट पोटात ढकलायची. सुलेखाचा नवरा शैलेंद्र या सातांपैकीच एक.

त्या रविवारी निशिकांतने टेबलावर कागद पसरला. जूनमध्ये इंग्लंड. कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या मुलखात पाच दिवस सायकली हाणायच्या, मागून सामानाची व्हॅन. कागदावर सात नावं होती. त्यांच्याखाली वेगळी ओळ होती. व्हॅन : सुलेखावहिनी. चहा, पोहे, फोटो.

“वहिनी, राग मानू नका हं,” निशिकांत म्हणाला. “तिकडे सपाट रस्ता औषधालाही नाही. एक टेकडी संपली की दुसरी. तुम्हाला नाही जमायचं. आणि तुमच्यासारखे पोहे आमच्यापैकी कुणाला येतात?”

शैलेंद्र आपल्या टोस्टवरचं लोणी अत्यंत एकाग्रतेने निरखत होता.

“बरं,” सुलेखा म्हणाली. “पण मी सायकलच चालवणार. पोहे तुम्ही शिकून घ्या. अजून पाच महिने आहेत.”

सगळे हसले. निशिकांतही हसला, पण सेनापतीला हार मानवत नाही. “ठीक आहे. मग नियम सगळ्यांना सारखा. जो एकदा व्हॅनमध्ये बसला तो शेवटपर्यंत व्हॅनमध्ये. दर टेकडीला माणसं उचलत बसलो तर नाताळपर्यंत पोचणार नाही आपण.”

“मान्य,” सुलेखा म्हणाली.

आता एवढ्याशा गोष्टीचं तिने इतकं मनाला का लावून घ्यावं, असं शैलेंद्रला वाटलं. त्याला वाटणं साहजिक होतं, कारण तो कधी व्हॅनमध्ये बसलेला नव्हता. सुलेखा सोळा वर्षं बसली होती. सांगलीच्या कॉलेजातली संख्याशास्त्राची नोकरी सोडून ती त्याच्यामागून सिंगापूरला आली ती डिपेंडंट पासवर, नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर मिळणाऱ्या परवान्यावर. तेव्हापासून क्लिनिकमध्ये जा की मुलीच्या शाळेत, पहिला प्रश्न ठरलेला. नवऱ्याचं नाव काय, नवरा कुठे असतो? त्याची बदली, त्याच्या पार्ट्या, त्याचे मित्र आणि त्या मित्रांचे पोहे. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती चारचौघांत सांगायची. ते खोटं होतं. चांगलंच वाटायचं. आणि त्या कागदावर ती वेगळी ओळ पाहिली तेव्हा ते सगळं एकदम घशाशी आलं.

पण जिद्द करायला टेकडी तर हवी! सिंगापूर म्हणजे पोळपाट. नाही म्हणायला माउंट फेबर आहे, पण ते घरापासून बरंच लांब. मंडळी तिथे सरावाला जात ती शनिवारी, आणि शनिवारी सुलेखा मुलांना मराठी शिकवायची. वर्ग बुडवणं तिच्या स्वभावात नव्हतं. सांगलीतही तिने सायकल चालवली होती ती सपाटीवरच. तीन-चार दिवस ती बाल्कनीत उभी राहून विचार करत होती, आणि पाचव्या दिवशी तिला टेकडी दिसली. समोरच्या सरकारी वसाहतीतलं गाड्या लावायचं सात मजली पार्किंग. दर मजल्याला एक उभा रॅम्प.

“आई, कार पार्क? सीरियसली लाह?” मुलगी, मैत्रेयी, सिंगापुरी ढंगात म्हणाली. सुलेखाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती पहिल्या रॅम्पवर चढली. तिसऱ्या मजल्यावर फुप्फुसं तोंडाशी आली, पाचव्यावर उतरून सायकल ढकलावी लागली. सातव्यावर धापा टाकत उभी होती तेवढ्यात हातात झाडू घेऊन एक म्हातारे चिनी गृहस्थ समोर आले. हे अंकल केंग, तिथे झाडलोट करायचे. पार्किंग आपल्या मालकीचं असल्यासारखे वागायचे.

“आँटी! धिस वन नॉट प्लेग्राउंड लाह!”

सुलेखाने त्यांना सगळं सांगितलं. इंग्लंड, टेकड्या, सात पुरुष, पोहे. पोहे त्यांना कळले नसावेत, पण सात पुरुष नक्की कळले. बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला.

“गो अप, कॅन. अप स्लो, नेव्हर माइंड. कम डाऊन कॅनॉट. डाऊन फास्ट, यू बँग पीपल्स कार, आय गेट स्कोल्डिंग. डाऊन, यू टेक लिफ्ट.”

सुलेखाला हा तह फारच आवडला. चढायचं रॅम्पने, उतरायचं लिफ्टने. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करायची, घाम पुसायचा, घोटभर पाणी प्यायचं की खाली आली. सुरुवातीला रोज तीन फेऱ्या व्हायच्या. फेब्रुवारीत आठ झाल्या, एप्रिलमध्ये वीस. अंकल केंग आधी लांबून बघत, मग लिफ्टचं बटण दाबून ठेवू लागले. मे महिन्यात एकदा ती तापातून उठून आली तेव्हा त्यांनी तिला चक्क हाकलून दिलं. “टुडे रेस्ट. टुमारो कम.” ती दुसऱ्या दिवशी आली. तिच्या पोटऱ्या अशा टणक झाल्या की शैलेंद्र एकदा चोरून बघत राहिला आणि मग स्वतःच्या चाचपायला लागला.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. सुलेखाच्याही नाही, आणि ती तर संख्याशास्त्राची बाई.

जूनमधल्या एका थंड, स्वच्छ सकाळी आठ सायकली कॉट्सवोल्ड्समधल्या एका गावातून निघाल्या. मागे व्हॅन, तिच्यात भाड्याने ठरवलेला एक अबोल इंग्लिश ड्रायव्हर. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कुंपणाची झाडी, मधे एक मोटार जेमतेम जाईल एवढा रस्ता. झाडी कुठे तुटली की हिरव्या रानाच्या लाटा थेट आभाळापर्यंत, आणि त्यांच्यावर मेंढ्या. सुलेखाला इतकं हलकं वाटत होतं की ती एकटीच गुणगुणत होती.

तीन किलोमीटरवर पहिला चढ लागला. दीड किलोमीटरचा आणि चांगलाच उभा. मंडळींच्या गप्पा एकेक करून बंद पडल्या. सुलेखाने गिअर खाली टाकला, मान खाली घातली आणि मनात मजले मोजायला लागली. चौथ्या मजल्यावर तिने शैलेंद्रला मागे टाकलं, सहाव्यावर आणखी दोघांना. वळणावर निशिकांत उभा राहून पायडल मारत होता, तोंड टोमॅटोसारखं लाल. त्याच्या बाजूने जाताना तिने काही म्हटलं नाही. म्हणायची फार इच्छा होती, पण गिळली.

माथ्यावर ती सगळ्यांच्या आधी पोचली. एका लाकडी फाटकाला टेकून तिने वारा खाल्ला, आणि मग पलीकडे पाहिलं.

रस्ता तिथून खाली कोसळत होता. दोन्ही बाजूंच्या झाडीमधून, वळणं घेत, अगदी तळातल्या गावापर्यंत. एकेक करून मंडळी वर आली, दम घेतला आणि ओरडत, शीळ घालत तिच्या बाजूने खाली सुटली. निशिकांत तर हँडलवर असा वाकला की जणू तोफेचा गोळाच सुटला. पाहता पाहता सहाही जण झाडीआड दिसेनासे झाले.

सुलेखा जागची हलली नाही. तिच्या पाचावर धारण बसली होती. पाच महिने, शेकडो फेऱ्या, आणि ती एकदाही, एकदाही सायकलवर बसून उतार उतरली नव्हती!

सर्वांत शेवटी शैलेंद्र आला. तिचा चेहरा पाहून त्याने सायकल थांबवली.

“काय झालं गं?”

“मला उतरता येत नाही,” ती म्हणाली. “शैलेंद्र, मी रोज लिफ्टने उतरले रे.”

तो हसला नाही. नवऱ्याच्या खात्यावर पुण्याईच्या गोष्टी थोड्या असतात, त्यांतली ही एक. इतक्यात व्हॅन मागे येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडून धरलं. आत मऊ सीट होती, गरम चहाचा थर्मास होता.

“बस आत,” शैलेंद्र हळू आवाजात म्हणाला. “एवढा उतार फक्त. गावाच्या अलीकडे तुला उतरवतो. कुणाला कळायचं नाही.”

“मला कळेल ना.”

“सुलेखा, हाड मोडलं तर पाच दिवस काय, पाच महिने बसशील घरी.”

“मग न मोडता कसं उतरायचं ते सांग. तुला येतं ना?”

शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला. सायकल आडवी टाकून त्याने तिला सगळं सांगितलं. बूड मागे न्यायचं. दोन्ही ब्रेक धरत-सोडत राहायचं, आवळून बसायचं नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. चाकाकडे बघायचं नाही, जायचंय तिकडे बघायचं. तिने ते एकदा म्हणून दाखवलं आणि निघाली.

ते उतरणं बघवत नव्हतं. ब्रेक किंचाळत होते, एक पाय सारखा जमिनीला लागत होता. दुसऱ्या वळणावर ती सरळ झाडीत घुसली आणि खाजकुइलीसारख्या कसल्याशा पाल्याने दोन्ही हात पेटले. शैलेंद्र मागून ओरडला, “हा नाद सोड आता!” तिने सायकल झाडीतून ओढून काढली. बोटं वळत नव्हती. इतरांना तीन मिनिटं लागली तिथे तिला पंचवीस लागली, पण खाली आली ती स्वतःच्या चाकांवर.

गावातल्या चहाच्या दुकानाबाहेर मंडळी केक खात बसली होती. तिला पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅदरिंगमध्ये लहान मूल नाच विसरलं की वाजवतात तशा. निशिकांत उठून जवळ आला. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, खरी काळजी होती, आणि तिला तेच जास्त लागलं.

“वहिनी, चढलात तुम्ही झकास, आपण मानलं. पण उद्या असे नऊ उतार आहेत. मी नियमाचं बघतो. तुम्ही आरामात व्हॅनमध्ये—”

“तुमचा चहा संपायला किती वेळ आहे?” सुलेखाने विचारलं.

“असेल तासभर. का?”

“बरं,” ती म्हणाली. आणि सायकल वळवून, आल्या रस्त्याने परत त्या टेकडीवर चढायला लागली.

निशिकांत बघत राहिला. ती वर दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळाने खाली आली. या खेपेला पाय दोनदाच टेकला. दुकानापाशी पोचताच ती पुन्हा वळली. केक खाणारे हात थांबले होते. ज्या डोंगराची एकच बाजू चढताना या सातांची जीभ बाहेर आली होती, त्याची दुसरी बाजू ही बाई तासाभरात दुसऱ्यांदा चढत होती. शैलेंद्र मात्र उभा राहिला होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्यांदा ती उतरली तेव्हा ब्रेकचा आवाज आला नाही. आधी झाडीवरून तिचं हेल्मेट सरकताना दिसलं, मग वळणातून ती बाहेर आली. हात ओरखडलेले, नजर पुढे आणि दोन्ही पाय पायडलवर. ती आता थांबेल म्हणून निशिकांतने तिच्यासाठी खुर्ची ओढली. सुलेखा दुकानावरून तशीच पुढे गेली. पूल ओलांडून पुढच्या टेकडीच्या रस्त्याला लागली. तेव्हा कुठे मंडळी भानावर आली आणि अर्धा चहा तसाच टाकून सातही जण सायकलींकडे धावले.