अमावास्या आणि तिकीट

रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. हजर: मी, माझी आई आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

यादीत दोनच कामं होती; पहिलं, आईचं नागपूरचं विमानाचं तिकीट काढायचं. तिथे तिची धाकटी बहीण, सुमनमावशी असते. चार वर्षांच्या अबोल्यानंतर आई परवा अचानक म्हणाली, "जाऊन येते." हा होकार किती नाजूक आहे, हे मला ठाऊक होतं.

नाव, वय, व्हीलचेअर, खिडकीजवळची जागा, सगळं भरून मी पैसे भरायच्या पानावर आले, तेवढ्यात आई कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "अगं, गुरुवारी अमावास्या आहे!"

मागे गेलं की भरलेलं सगळं पुसून टाकणाऱ्या वेबसाइट मी पुष्कळ पाहिल्यात. पुन्हा पहिल्यापासून भरायला लागलं असतं, तर आई "राहू दे मग" म्हणून उठली असती. मी 'तारीख बदला' दाबलं. फक्त तारीख बदलली, शुक्रवार झाला. बाकी सगळं जिथल्या तिथे.

"का बदलली, विचारलं नाही त्यानं?"

"नाही."

"बरंय. तुझ्यासारखी उलटतपासणी नाही."

हे पान ज्यानं बनवलं, त्यानं माणसं मन बदलणार हे आधीच धरलं असावं. मागे यायला वाट असावी, आणि आलेल्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावू नये. घरातही एवढं पुरतं.

तिकीट आलं. यादीत एकच ओळ उरली: मावशीला कळवणे. ती ओळ आईच्या नावापुढे आहे. फोन आईच्या मांडीवर आहे, आणि ती अजून कॅलेंडर बघतेय.