सव्वा मूठ गहू

माझा देवावरचा विश्वास उडाला, तेव्हा मी सुरतेत मुलांना प्रार्थना शिकवत होतो. उधन्यातल्या एका गल्लीत छोटं मंदिर आहे. त्याच्या मंडपात रोज सकाळी तीसेक पोरं माझ्यापुढे हात जोडून बसायची. सगळी खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेल्यांची. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत गुजराती बोलणारी ही पोरं गृहपाठाला ‘लेसन’ म्हणायची, आणि मला त्याचा उगाच राग यायचा. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. फुकट शिकवतो म्हणून गल्लीत मान होता. गुरुजींनी परक्या मुलखात येऊन सेवा मांडली, असं लोक म्हणत आणि मी ते निमूट ऐकून घेई. खरं तर मी माझ्या मुलाला शोधायला आलो होतो.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात आणि तिच्या प्रसादाला रोट, म्हणजे जाडसर पोळ्या करतात. रोटांसाठी आमच्या भाऊबंदकीत प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ धरतात. मेलेल्याची तेवढी धरत नाहीत.

मी सुरतेला येण्याआधीच्या कानबाईला मुलानं डी.एड. अर्ध्यावर सोडलेलं होतं. गावभरच्या पोरांना शहाणं करणाऱ्या मास्तरच्या घरी दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणतील, या एका विचारानं मी जळत होतो. घर भाऊबंदांनी भरलेलं. माझी बायको परातीत गहू मोजत होती. मुलाच्या नावाशी आली तसा मी सगळ्यांसमोर म्हणालो, “याची मूठ धरू नको.” तिचा हात परातीवर तसाच राहिला. त्याच संध्याकाळी तो पिशवी घेऊन निघून गेला. सुरतेला गेल्याचं पुढे कानावर आलं, पण त्याचा फोन कायमचा बंद झाला होता.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला बायको गेली. आधी ताप साधाच वाटला होता. शेवटच्या दिवसांत ती सारखी उजव्या हाताची मूठ मिटायची आणि उघडायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. मी मान डोलावली. मला ठाऊक होतं ती काय मोजत होती.

तिचे दिवस झाल्यावर घराला कुलूप लावलं आणि उधन्याला थोरल्या चुलतभावाकडे येऊन राहिलो. एकट्या कामगाराला सणावाराला पोटभर जेवण कुठं मिळतं, तर देवाच्या दारी. म्हणून मुलाला शोधायला मी देवळं धरली. गुरुवारी साईमंदिर, शुक्रवारी दर्गा, रविवारी गुरुद्वारा. नाताळात चर्चमध्ये जाऊन बसलो. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या, चलथाणच्या देवळांतले भंडारेही सोडले नाहीत. लोकांना वाटे, गुरुजी फार भाविक, सगळे देव एक मानतात. मी कुठंच दर्शन घेतलं नाही. मूर्तीकडे पाठ करून उभा राहायचो आणि रांगेतला एकेक चेहरा तपासायचो. कुठल्या देवाला हात जोडले असतील तर ते भांडायला. बायको नेलीस, निदान पोराला तरी दाखव, इतकंच म्हणायचो आणि उत्तराची वाट न पाहता निघायचो.

गुरुद्वाऱ्यात एक वृद्ध सरदारजी जोडाघरात सेवेला बसत. आलेल्यांचे जोडे घ्यायचे, टोकन द्यायचं, जोडे पुसून ठेवायचे, हे त्यांचं काम. बरेच रविवार ते मला पाहत होते. एकदा माझे जोडे परत देताना म्हणाले, “मास्टरजी, आप दर्शन करने नहीं आते, हाज़िरी लेने आते हो.” मला ते फार झोंबलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “कभी इधर बैठो. यहाँ से चेहरे नहीं दिखते.”

पुढचे दोन रविवार मी तिकडे फिरकलोच नाही. उभ्या नोकरीत पोरांनी माझ्या चपला उचलून ठेवलेल्या, मी दुसऱ्याचे जोडे पुसू? पण श्रावण जवळ येऊ लागला, तसा मी आतून खचत गेलो. एके सकाळी प्रार्थना सांगताना पुढची ओळच आठवेना. पोरं हात जोडून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी वर्ग सोडून दिला. तो रविवारच होता. पाय आपोआप गुरुद्वाऱ्याकडे वळले आणि मी जोडाघरात खाली जाऊन बसलो. सरदारजींनी काही न विचारता एक फडकं माझ्या हातात दिलं.

तिथं बसलं की समोर खिडकीची फळी असते आणि त्या फळीवर नुसते हात येतात. काळे, सुजलेले, रंगानं माखलेले, मेंदी लावलेले. मी जोडे घेत होतो, पुसत होतो, देत होतो. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाला शोधत नव्हतो. पुसता पुसता रडू आलं. मनात म्हणालो, बाबा रे, तू जो कुणी असशील तो, मी आता थकलो. मला नाही सापडला तरी चालेल. तो जिथं असेल तिथं त्याला जेवू घाल. देवाशी भांडल्याशिवाय बोललो, ते तेव्हाच.

दुपार कलली असेल. फळीवर एक टोकन आलं. मी जोडे काढून ठेवले. हात ते उचलेना. मी खालमानेनंच म्हणालो, “ले लो भाई.”

“आप्पा, माय कशी शे?”

मी वर पाहिलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती, केसांत लूमवरचे धाग्याचे तंतू अडकलेले होते. ज्या क्षणासाठी मी सगळे देव पालथे घातले तो समोर उभा होता, आणि मला त्याला काय सांगावं लागणार होतं! मी मान हलवली. त्याला समजलं. तो तिथंच पायरीवर बसला. मी बाहेर आलो आणि शेजारी बसलो. सरदारजींनी पाण्याचे दोन पेले आणून ठेवले आणि ते आत गेले.

पाणी पिऊन तो बोलू लागला. तो माझ्या वर्गापासून चार गल्ल्यांवरच्या कारखान्यात लूम चालवत होता. काखेत कळसा म्हणतात तसंच झालं होतं. “मी तुमले तीनदा देखं,” तो म्हणाला. “साईमंदिरमा, आठे गुरुद्वारामा बी. देखीसनी पयी जाये. तुमनी नजरनं भ्याव वाटे.” माझ्या नजरेला भिऊन तो दर वेळी पळून गेला होता. मग फळीकडे पाहत म्हणाला, “आज तुमनी मान खाले व्हती.”

तो माझ्यासोबत राहायला आला नाही. आईला अखेरचं पाहायला मिळालं नाही, हे त्याच्या मनातून गेलेलं नाही. जाईल असंही मला वाटत नाही. कानबाईला मात्र तो चुलतभावाच्या घरी आला आणि दाराशीच भिंतीला टेकून उभा राहिला. वहिनी गहू मोजत होत्या. माझी मूठ झाली आणि त्या थांबल्या. परात माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, “भाऊजी, त्यानी मूठ तुमीच धरा.”

मी हात घातला. सव्वा मूठ कशी धरतात हेसुद्धा मला येत नव्हतं. जन्मभर माझी बायकोच धरत आली होती. मुलाच्या नावाचे गहू वेगळे काढले आणि हात झटकणार, तोच तो दारातून म्हणाला, “मायनी बी धरा.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. एक तर ती गेलेली, आणि दुसरं म्हणजे आमच्यात बायांची मूठ धरतच नाहीत. जिनं सगळ्यांच्या मुठी मोजल्या तिच्या नावाचा एक दाणा त्या परातीत कधी पडला नव्हता, आणि हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. वहिनींनी देवीच्या नारळाकडे पाहिलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “कानबाई बी बाईच शे. धरा.”

त्या दिवशी जोडाघरात मला कुणी नेलं, यावर मी वाद घालत नाही. सरदारजींचा, त्या फडक्याचा आणि त्या फळीचा मी ऋणी आहे. आता कुठल्याही देवळात गेलो तरी आधी मान खाली घालतो. दिसायचं ते मग दिसतं.

तिच्या नावाची मूठ धरायला मी परातीत हात घातला. मूठ मिटेना. मुलगा पुढे आला, माझ्या हातावर त्यानं आपला हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ती मिटली.