पट्टी साहेब आल्यावर सुटेल

"हात जोडायचे, आजी. जरा खाली. फोटोत तोंड झाकता कामा नये."

गळ्यात उपरणं अडकवलेला एक कार्यकर्ता माझ्या आईचे हात धरून तिला नमस्कार शिकवत होता. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आदल्या दिवशी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावरची पट्टी सकाळीच सुटायची होती. दुपार झाली तरी सुटली नव्हती, कारण त्याच्या पक्षाचे साहेब यायचे होते. पट्टी त्यांच्यासमोर सुटणार, म्हातारी माणसं पहिल्यांदा त्यांनाच बघणार, हात जोडणार, फोटो निघणार. असं ठरलेलं.

आईनं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जन्म काढला. मांडव डोक्यावर, हात दिवसभर वर. खांदे कामातून गेलेत. जोडलेले हात सारखे मांडीवर पडायचे, कार्यकर्ता पुन्हा उचलायचा. मी अंबडच्या कंपनीतला कंत्राटी कामगार, रात्रपाळी करून तसाच आलेलो. खरं सांगतो, मला भांडायचाही कंटाळा आला होता. फक्त झोप पाहिजे होती.

आई म्हणाली, "डोळा लय चुरचुरतोय रं."

मी त्याला म्हटलं, पट्टी सोडू द्या, औषध टाकायचंय. तो हसला. "फुकटात डोळा मिळाला. दोन हात जोडायला काय जातंय? लोक टॅक्स भरतात म्हणून तुमचं होतंय."

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझीही गेली. चोरी करताना सापडल्यासारखी लाज वाटली.

खाली आईच्या चपला दिसल्या. दवाखान्यासाठी म्हणून नव्या घेतलेल्या. त्या घेतानाही सरकारनं आपला वाटा कापून घेतला होता. तिच्या साबणावर घेतं, माझ्या पेट्रोलवर घेतं. घेताना कुणी आमच्यापुढे हात जोडत नाही. फोटोही काढत नाही. डोकं सणकलं.

"टॅक्स आम्हीपण भरतो," मी म्हणालो. "पट्टी आत्ता सोडायची."

तो माझ्याशी बोललाच नाही. आईकडे वाकला. "आजी, दुसरा डोळा बाकी आहे ना तुमचा?"

आईनं चाचपडत माझं मनगट धरलं. "राहू दे रं. जोडते मी हात. दुसऱ्यानं काय बी दिसत नाय मला."

एवढा राग आयुष्यात आला नव्हता. आणि एवढी भीतीही वाटली नव्हती. तिनं मनगट सोडून हात जोडले. मी ते सोडवले, मांडीवर ठेवले. तिथं उभ्या असलेल्या सिस्टरला विचारलं, "डॉक्टरांनी पट्टी कधी सोडायला सांगितली होती?"

तिनं एकदा कार्यकर्त्याकडे बघितलं. "सकाळी," हळूच म्हणाली आणि ट्रे उचलला.

पट्टी सुटली. आईनं डोळ्यांची उघडझाप केली, माझ्याकडे बघत राहिली. "किती वाळलास रं," एवढंच बोलली.

ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा तिला मिळाला नाही. तो साहेबांच्या हस्ते वाटायचा होता. आम्ही त्याआधीच निघालो.

दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून देत नाहीत. सुटीच्या दिवशी जातो, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. आई म्हणते, तवा हात जोडले असते तर झालं असतं. असेलही. मी तिला खोटा धीर देत नाही. पण दुसरा डोळाही त्याच दवाखान्यात होणार. तारीख मिळेपर्यंत मी जात राहणार. आणि पट्टी सुटेल तेव्हा आईचे हात मांडीवरच असतील.