नागपूरला गेलेलं रिकामं विमान

विमानतळाच्या कुंपणाबाहेर मी शेजारच्या शालूताईंबरोबर रिक्षाची वाट पाहत होते. ताई खासगी विमानं आतून साफ करतात. दुपारीच त्यांच्या भावाचा नागपूरहून फोन आला होता, "आई डोळे उघडत नाही, निघ." रेल्वेचं तिकीट मिळालं ते रात्रीच्या गाडीचं.

तेवढ्यात एक छोटं पांढरं विमान आमच्या डोक्यावरून वर चढलं.

"नागपूरलाच चाललंय," ताई म्हणाल्या. "आत्ताच पुसून आले."

"आत कोण आहे?"

"कुणी नाही गं. मालकाला आणायला चाललंय."

मालक तरी एकटा कुठे? अशा एकेका विमानाचे कितीतरी हिस्सेदार असतात. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढे वर्षाचे तास त्याचे. तो बोलावेल तिथे विमान हजर व्हायला हवं, मग जाताना ते रिकामं का उडेना!

"ताई, विचारायचं तरी!"

"विचारलं की. आमच्या कंपनीचे साहेब हसले. म्हणाले, शालू, तूही एक हिस्सा घेऊन टाक."

मालकीचे इतके बारीक तुकडे करणाऱ्यांना एक रिकामी खुर्ची देता आली नाही. या व्यवस्थेची मला चीड येते, आणि भीतीही वाटते. आता आकाशात विमान दिसलं की मला त्यातल्या खुर्च्याच दिसतात, स्वच्छ पुसलेल्या, कुणीच न बसलेल्या.

ताई सकाळी पोचल्या, तेव्हा आई गेलेली होती. कधी गेली, हे त्यांनी भावाला अजून विचारलेलं नाही.